मुलांच्या फुटबॉल स्पर्धा : खर्च कुठे होतो, तो कमी कसा करता येतो?

गोवा सरकारने 2012 साली फुटबॉलला राज्य क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून, भातकापणी झाली की गावोगावच्या शेतांत गोलखांब उभे राहत आले आहेत. त्या खेळाला खर्च जवळपास नव्हताच. आज मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलालाही अकादमीचे मासिक शुल्क, टर्फचे भाडे आणि परराज्यातील स्पर्धांची वर्गणी यांतून जावे लागते. ही वर्गणी न परवडल्यामुळे खेळ सुटणारी मुले बहुधा मच्छीमार, शेतकरी आणि रोजंदारीवरील कुटुंबांतील असतात. मुलींच्या बाबतीत तर खर्चाचा प्रश्न घरात सर्वांत आधी उपस्थित होतो. म्हणून स्पर्धेचा खर्च नेमका कशावर होतो आणि त्याच्या बदल्यात मुलाला किती खेळ मिळतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

खर्चाची मांडणी

स्पर्धेच्या जाहिरातीत दिसतो तो केवळ प्रवेशशुल्काचा आकडा. त्यातून मैदान, पंच, चषक आणि आयोजकांचा व्यवस्थापन खर्च भागतो. बाहेरगावच्या स्पर्धेत याहून मोठा भार प्रवास, निवास आणि जेवणाचा असतो. त्यात नवी जर्सी, किट बॅग, छायाचित्रे आणि सोबत जाणाऱ्या पालकांचा खर्च मिळवावा लागतो.

उदाहरणादाखल, 16 खेळाडू, 2 प्रशिक्षक आणि 1 व्यवस्थापक असा 19 जणांचा संघ चार दिवस आणि तीन रात्रींसाठी पुण्याला जातो असे धरू. अशा संघाला 76 माणशी-दिवसांचे जेवण आणि 57 खाटांची सोय करावी लागते. जेवणाचा दर माणशी केवळ 100 रुपयांनी वाढला तरी एकूण बिल 7,600 रुपयांनी वाढते. तिघा मोठ्यांचा खर्चही 16 कुटुंबांवरच पडत असल्याने प्रत्येक मुलाचा वाटा त्याच्या स्वतःच्या खर्चापेक्षा सुमारे 19 टक्क्यांनी अधिक होतो.

खेळायला किती मिळते?

खर्चाचे खरे माप म्हणजे मैदानावरील मिनिटे. 16 संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकूण 15 सामने होतात आणि पहिल्याच फेरीनंतर आठ संघ घरी परततात. त्या संघांनी पूर्ण प्रवास केला तो एका सामन्यासाठी. चार संघांच्या गटात साखळी पद्धत असेल तर प्रत्येक संघाला तीन सामन्यांची हमी मिळते.

तरीही सामन्यांची संख्या म्हणजे मुलाच्या वाट्याचा खेळ नव्हे. 40 मिनिटांच्या सामन्यात 11 जागा 16 मुलांमध्ये समान वाटल्या तर प्रत्येकाला साडेसत्तावीस मिनिटे मिळतात. तीन सामन्यांत ती साडेब्याऐंशी मिनिटे होतात. व्यवहारात समान वाटणी क्वचितच होते. राखीव बाकावरचे मूल चार दिवसांत वीस मिनिटेही खेळत नाही, पण वर्गणी मात्र सर्वांची सारखीच असते.

स्थानिक साखळीचा हिशेब

याच्या तुलनेत गावपातळीवरील साखळी स्पर्धा पाहू. शेजारच्या गावांतील आठ संघ एकत्र आले तर एकेरी साखळीत 28 सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला सात येतात. लहान मुलांसाठी सात-सात जणांचा संघ पुरेसा असतो. पूर्ण मापाचे एक मैदान आडवे विभागले की सात जणांच्या खेळासाठी दोन मैदाने तयार होतात. दर रविवारी चार सामने, एका वेळी दोन, असे ठेवले तर दोन-अडीच तासांत फेरी आटोपते आणि सात रविवारांत संपूर्ण स्पर्धा पूर्ण होते.

दहा मुलांच्या संघात 40 मिनिटांचा सामना समान वाटला तर प्रत्येकाला 28 मिनिटे, म्हणजे सात सामन्यांत 196 मिनिटे खेळ मिळतो. निवासाचा खर्च शून्य आणि प्रवास दुचाकीचा किंवा बसचा. शिवाय दोन सामन्यांच्या मध्ये आठवडाभराचा सराव होतो, त्यामुळे मागच्या रविवारची चूक पुढच्या रविवारी सुधारता येते.

खेळाचे नियमही यास अनुकूल आहेत. युवा आणि तळागाळातील फुटबॉलसाठी मैदानाचे माप, सामन्याचा अवधी, चेंडूचा आकार आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा यांत बदल करण्याची सवलत नियमांतच आहे. सर्वांना खेळवण्याची अट स्पर्धेच्या नियमावलीत आधीच लिहून ठेवणे हिताचे ठरते.

उपलब्ध असलेले मार्ग

*शालेय स्पर्धा :* 1960 पासून सुरू असलेली सुब्रतो चषक स्पर्धा ही देशातील प्रमुख आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा होय. राज्यातील फेऱ्या जिंकणारी शाळा थेट राष्ट्रीय फेरीत पोहोचते. मुलींसाठी 17 वर्षांखालील स्वतंत्र गट आहे. या स्पर्धेसाठी मूल कोणत्याही अकादमीचे सभासद असावे लागत नाही.

*बेबी लीग :* अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 साली गोल्डन बेबी लीगची योजना आणली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना एकत्र, छोट्या मैदानावर आणि कमी खेळाडूंच्या संघांतून खेळवणे हे तिचे सूत्र आहे. कमी खर्चाच्या स्थानिक स्पर्धेला तेच सूत्र उपयोगी पडते.

*क्लब आणि विकास केंद्रे :* 1959 मध्ये स्थापन झालेल्या गोवा फुटबॉल असोसिएशनच्या वयोगट स्पर्धांत संलग्न क्लब उतरतात. गावातील जुन्या क्लबचे सभासदत्व खासगी अकादमीच्या तुलनेत सहसा स्वस्त पडते. सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या गोवा फुटबॉल विकास मंडळाच्या प्रशिक्षण केंद्रांत चौकशी करणे हा दुसरा मार्ग आहे.

*फुटसाल :* जून ते सप्टेंबर या काळात मैदाने चिखलाने भरलेली असतात. पाच जणांचा फुटसाल बंदिस्त सभागृहात खेळता येतो आणि प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो. शाळेचे सभागृह किंवा बास्केटबॉलचे मैदान मिळाले तर टर्फचे भाडे वाचते.

कुठे काटकसर करावी, कुठे नको

चषक, पदके, समारंभ आणि प्रत्येक स्पर्धेची वेगळी जर्सी यांवरचा खर्च टाळता येतो. दोन रंगांच्या बिब्समध्ये संपूर्ण साखळी खेळवता येते. मुलांचे पाय वाढते असल्याने बुटांची अदलाबदल पेढी क्लबमध्ये सुरू करणे सोपे आहे. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंना प्रशिक्षण देऊन लहानांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे करता येते. मैदानासाठी पंचायत, शाळा किंवा कोमुनिदाद यांची लेखी परवानगी मात्र आधी घ्यावी.

प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी, जवळच्या रुग्णालयात नेण्यासाठी तयार वाहन आणि शिनगार्ड यांत काटकसर करू नये. शिनगार्ड नियमानेच सक्तीचे आहेत. उन्हाळ्यात सामने सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवावेत. जे गोलखांब हलवता येतात, ते जमिनीला घट्ट बांधलेले असावेत.

वर्गणी भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

- किमान किती सामन्यांची हमी आहे आणि सामना किती मिनिटांचा आहे?
- संघात किती मुले नेणार आणि प्रत्येकाला किती वेळ खेळवणार?
- प्रवेशशुल्काखेरीज कोणते खर्च आहेत? प्रशिक्षकांचा खर्च कोण उचलतो?
- स्पर्धा रद्द झाल्यास किंवा मूल आजारी पडल्यास पैसे परत मिळतात का?
- वयाची पडताळणी कशी होते?
- निवडकर्ते येणार असल्याचे सांगितले असेल तर ते कोणत्या क्लबचे, हे लेखी मिळेल का?
- वर्गणी न परवडणाऱ्या मुलांसाठी संघाने काय तरतूद केली आहे?

बाहेरच्या स्पर्धांचा उपयोग नाही असे नाही. अनोळखी संघांशी खेळणे, घरापासून दूर राहणे हाही अनुभव असतो. मात्र वर्षभर स्थानिक साखळी खेळलेल्या संघाने वर्षातून एकदा असा प्रवास केला आणि त्याचा खर्च क्लबने सामाईक निधीतून उचलला, तर केवळ वर्गणीपायी कोणाला मागे राहावे लागणार नाही.