लीज्यांग आणि त्याचे पाहुणे

चीनच्या नैर्ऋत्येस, युन्नान प्रांतात, सुमारे २,४०० मीटर उंचीवर लीज्यांग हे जुने नगर वसले आहे. उत्तरेस यूलुंग या हिमपर्वताचे ५,५९६ मीटर उंचीचे शिखर दिसते. येथील मूळ रहिवासी नाशी जमातीचे. चित्रलिपीत लिहिलेल्या पोथ्या वाचणारे 'तोंबा' पुरोहित हे या जमातीचे वैशिष्ट्य होय. युन्नानातून तिबेटकडे चहा नेणारे तांडे याच गावी विसावत, आणि त्यामुळे परक्या माणसाचे आगतस्वागत करण्याची सवय गावाला फार पूर्वीपासून होती.

या नगरीचे सविस्तर वर्णन करणाऱ्यांत शू श्याके हा चिनी प्रवासी अग्रगण्य आहे. तो १६३९ साली येथे आला. त्या वेळी मू घराण्यातील मू त्सेंग हा येथील सर्वांत प्रभावी पुरुष होता. त्याने पाहुण्याची सोय एका मठात केली, ऐंशी पदार्थांची मेजवानी दिली, आपले लेखन त्याच्याकडून तपासून घेतले आणि मुलालाही त्याच्या हाताखाली बसविले. दाटीने उभी असलेली कौलारू घरे आणि राजाला शोभेल असा मू घराण्याचा वाडा यांची नोंद शूने आपल्या रोजनिशीत केली आहे. पुढे त्याचे पाय निकामी झाले, तेव्हा मू त्सेंगनेच माणसे देऊन त्याला पालखीतून घरी पोहोचविले. १६४१ साली तो निवर्तला.

मू घराण्याची सत्ता १७२३ साली संपुष्टात आली. गावाचा क्रम मात्र चालू राहिला. नगराला तट नाही. 'मू' या चिनी अक्षराभोवती चौकट काढली की 'कोंडीत सापडलेला' अशा अर्थाचे अक्षर तयार होते, म्हणून या सरदारांनी तट बांधला नाही, अशी आख्यायिका आहे. गावाची खरी बांधणी पाण्याने केली. पर्वताकडून आलेल्या ओढ्याचे पाट गल्लोगल्ली खेळविलेले आहेत. झऱ्यावर एकाखाली एक अशी तीन कुंडे असत. पहिल्यातील पाणी पिण्यास, दुसऱ्यातील भाजी धुण्यास आणि तिसऱ्यातील कपडे धुण्यास वापरावे, हा दंडक. बाजार उठला की ओढ्याचे पाणी अडवून चौकात सोडीत आणि सारी फरसबंदी धुऊन काढीत.

ऑस्ट्रियात जन्मलेला अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक १९२२ साली या भागात आला. यूलुंगच्या पायथ्याशी एका खेड्यात त्याने मुक्काम ठोकला आणि झाडांच्या शोधात आलेला हा माणूस हळूहळू पोथ्यांत गुंतला. तोंबा पुरोहितांना जवळ बसवून त्याने हजारो पोथ्या जमविल्या. १९४४ साली त्याची हस्तलिखिते नेणारे जहाज अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने बुडविले. तरीही पुनश्च लीज्यांगला येऊन त्याने ते काम नव्याने आरंभिले.

रशियात जन्मलेला पीटर गुलार्ट हा सहकारी उद्योगांच्या कामासाठी येथे राहिला. युद्धामुळे ब्रह्मदेशाची वाट बंद झाली, तेव्हा कालिम्पाँग आणि ल्हासाहून निघालेला माल खेचरांच्या पाठीवरून येथे येई. गुलार्टची बैठक मद्याच्या दुकानात असे. नाशी बायका व्यापार करतात, ओझी वाहतात आणि पुरुष मुले सांभाळतात, हे त्याने तेथे बसूनच टिपले. रॉक व गुलार्ट या दोघांनीही १९४९ साली हे गाव सोडले.

३ फेब्रुवारी १९९६ रोजी येथे मोठा भूकंप झाला. तीनशेहून अधिक माणसे दगावली. जुन्या घरांच्या भिंती कोसळल्या, परंतु अनेकांचे लाकडी सांगाडे उभे राहिले. पुढच्याच वर्षी युनेस्कोने या नगराला जागतिक वारशाचा मान दिला. त्यानंतर पर्यटकांचा लोंढा सुरू झाला. घरांना भाडे चांगले येऊ लागले, तेव्हा पुष्कळ नाशी कुटुंबे ती दुकानांना व खानावळींना देऊन नव्या वस्तीत राहावयास गेली. २००७ साली जागतिक वारसा समितीनेच या बेसुमार पर्यटनाविषयी चिंता व्यक्त केली.

शूला सरदाराने, रॉकला पुरोहितांनी आणि गुलार्टला बाजारातील बायकांनी हे गाव दाखविले. त्यांच्या लेखनाचे मोल त्या यजमानांमुळेच आहे. आजच्या पाहुण्याला पाट दिसतात, कौले दिसतात, हिमशिखरही दिसते. परंतु ज्या घराचे दार त्याच्यासाठी उघडते, त्या घरचा माणूस आता बहुधा तेथे राहत नाही.