पद्मिनीचे पाटे आणि आजची कापलेली स्प्रिंग

विक्रोळीपासून तीन स्टेशनांवर, कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी बनायची. मागे अखंड ॲक्सल आणि पोलादी पाट्यांची स्प्रिंग. पुढे टॅक्सीत सीएनजी आला. टाकी डिकीत, म्हणजे जादा वजन मागच्या पाट्यांवर. पाटे बसले की कमान पुन्हा चढवायची, नाहीतर पाटा वाढवायचा. प्रवासी आणि सामान झेपलं पाहिजे, एवढाच हिशेब. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही टॅक्सी रस्त्यावरून गेली.

आता पोरं नुसत्या दिसण्यासाठी मागची स्प्रिंग कापून गाडी खाली बसवतात. मग खड्ड्यात दणका थेट बॉडीला, वळणावर ताबा सुटायची भीती. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. ताबा सुटला तर मार बसतो रस्ता ओलांडणाऱ्याला. गॅरेजवाल्यांनो, अशा कामाला सरळ नाही म्हणा.