बॅटरीची छुपी गळती

गाडी बंद असते, किल्ली खिशात असते, तरी बॅटरीतून वीज जातच राहते. घड्याळ, सेंट्रल लॉक आणि कंट्रोल युनिट यांना थोडा प्रवाह लागतोच. तो साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतो; त्यावर गेला की ती गळती. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ५० मिलीअँपिअरला महिनाभर तग धरते; ५०० झाले तर चार दिवसांत पार बसते.

मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने बॅटरी आपोआपही उतरते. म्हणून आधी तिचीच तपासणी करतात: पूर्ण चार्ज करून काही तास ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

मग निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ते आणि केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडतात. दारे बंद करून अर्धा तास थांबतात, कारण कंट्रोल युनिट झोपेपर्यंत आकडा खरा नसतो. या वेळी सेल्फ मारला, तर मीटरचा फ्यूज उडतो.

पुढे गाडीचा एकेक फ्यूज काढतात. आकडा एकदम खाली आला, की दोष त्याच सर्किटात.

डिकीचा न विझणारा दिवा, बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा जीपीएस, चिकटलेला रिले हे नेहमीचे संशयित. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासतात.