चिकणमाती, गोठण आणि चुना : लंडनच्या उपनगरांतील वीटकामाच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

वास्तूंचा इतिहास हा बहुधा बांधणीचा इतिहास असतो. इमारत कोणी उभारली, केव्हा उभारली, कोणत्या शैलीत उभारली याची नोंद होते. ती पुढे कोणी, कशाने आणि कोणत्या समजुतीने सांधली याची नोंद क्वचितच होते. राजवाडे, चर्च वा किल्ले यांच्या बाबतीत जीर्णोद्धाराची थोडीबहुत कागदपत्रे तरी सापडतात. सामान्य गृहस्थाच्या घराची डागडुजी मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिली आहे. प्रस्तुत निबंधात लंडनच्या उपनगरांतील विटांच्या घरांचा विचार या उपेक्षित बाजूने करावयाचा आहे. ही घरे उन्हाळ्यात आकसणाऱ्या आणि हिवाळ्यात फुगणाऱ्या चिकणमातीवर उभी आहेत. शिवाय ओल्या हिवाळ्यात त्यांच्या भिंतींना गोठण्या-वितळण्याच्या आवर्तनांना तोंड द्यावे लागते. भिंतींना तडे का जातात याचे शास्त्रीय ज्ञान विसाव्या शतकाच्या मध्यालाच उपलब्ध झाले होते. असे असता दुरुस्तीची रूढ पद्धत पुढील अनेक दशके त्या ज्ञानाच्या उलट दिशेने का जात राहिली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न होय.

भूमी आणि हवामान

भूशास्त्रात ‘लंडन क्ले’ या नावाने ओळखली जाणारी माती इओसीन कालखंडातील, म्हणजे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची, सागरतळाशी साचलेली चिकणमाती आहे. खोलवर ती निळसर करड्या रंगाची असते, पृष्ठभागाजवळ तपकिरी होते. तिच्यातील स्मेक्टाइट गटाच्या खनिजांमुळे ती पाणी घेतली की फुगते, पाणी गेले की आकसते. दख्खनच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा गुणधर्म वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, आपल्याकडे या मातीला गोठणीची जोड नाही.

या गोठणीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. वीटकामाची हानी थंडीच्या तीव्रतेवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती तापमान शून्य अंशाच्या वर-खाली किती वेळा जाते आणि त्या वेळी वीट किती ओली असते यावर अवलंबून असते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. कोरड्या विटेला कडाक्याची थंडीही फारशी बाधत नाही. पाण्याने भरलेल्या विटेचे मात्र काही रात्रींतच टवके उडू लागतात. त्यामुळे जानेवारी १९६३ सारखी दीर्घ गोठण अपवादात्मक असली, तरी लंडनचा नेहमीचा दमट, अनिश्चित हिवाळाही भिंतीच्या दृष्टीने निरुपद्रवी नाही. या प्रदेशात गोठण जमिनीत फार खोल उतरत नाही. ब्रिटिश नियमांनुसार गोठणीपासून संरक्षणासाठी पायाची खोली ०.४५ मीटर पुरेशी मानली जाते. चिकणमातीसाठी मात्र तिच्या फुगण्याच्या क्षमतेनुसार ०.७५ ते १ मीटर, आणि जवळ झाड असल्यास त्याहूनही अधिक खोली सुचविली जाते. म्हणजे येथे माती पायाला हलविते आणि गोठण भिंतीला झिजविते. दोन्ही शत्रू निरनिराळ्या जागी काम करतात. त्यांची गाठ पडते ती तड्यात.

चुन्याची भिंत

एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आधाराने पसरलेल्या उपनगरांतील घरांचे पाये उथळ होते. विटांचे काही पायऱ्यापायऱ्यांचे थर आणि त्याखाली क्वचित काँक्रीटचा पातळ पट्टा, एवढाच पाया असे. त्याची खोली अनेकदा अर्धा मीटरही नसे. आजच्या मापाने असे घर टिकू नये. तरीही ही घरे टिकली, आणि याचे श्रेय बऱ्याच अंशी सांध्यांतील चुन्याला द्यावे लागते. डॉर्किंगसारख्या ठिकाणचा करड्या खडूपासून भाजलेला, किंचित जलसह असा चुना लंडनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरला जाई. चुन्याचा मसाला सावकाश घट्ट होतो आणि विटेपेक्षा मऊ राहतो. जमीन थोडी हलली तर भिंतीची हालचाल असंख्य सांध्यांत विभागली जाते; एका ठिकाणी मोठा तडा पडण्याऐवजी केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्यांपैकी काही विरघळून पुन्हा साचणाऱ्या चुन्याने भरूनही येतात. दुसरे असे की, चुन्याचा सांधा ओल बाहेर जाऊ देतो. विटेत मुरलेले पाणी सांध्यावाटे वाळते आणि गोठण आलीच तर आधी सांधा झिजतो, वीट वाचते. सांधा हा झिजण्यासाठीच असतो, वीट नव्हे, ही गवंड्यांची समजूत कोणत्याही ग्रंथावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

सिमेंटचा अंमल

जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. १८५९ पासून बॅझलजेट याच्या लंडनमधील सांडपाण्याच्या प्रचंड योजनेत त्याचा मोठा वापर झाला आणि त्याची प्रतिष्ठा प्रस्थापित झाली. गटारासाठी जे उत्तम तेच भिंतीसाठी उत्तम, हा निष्कर्ष कोणी शब्दांत मांडला असेल असे नाही. व्यवहारात मात्र तो हळूहळू रूढ झाला. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरे उभी राहिली, त्यांतील कितीतरी लंडनभोवतीच्या चिकणमातीवर. त्यांत पीटरबरो-बेडफर्ड भागातील ‘फ्लेटन’ विटा मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. त्या स्वस्त होत्या, पण पाण्याने पूर्ण भिजल्यास गोठणीला फारशा न टिकणाऱ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर चुना हा उपनगरी गवंड्याच्या हातातून जवळजवळ नाहीसाच झाला.

दुरुस्तीवर याचा जो परिणाम झाला तो बांधणीवरील परिणामापेक्षा गंभीर होता. जुन्या मऊ विटांच्या भिंतीतील झिजलेला चुना खरवडून तेथे कडक सिमेंटचे पॉइंटिंग करण्याची पद्धत पडली. असे पॉइंटिंग नवे असताना नीटनेटके दिसते. घरमालकाला पैसे सत्कारणी लागल्यासारखे वाटते. परंतु सिमेंट आणि वीट यांमध्ये केसाएवढी फट पडतेच. तीतून पाणी आत शिरते आणि सिमेंटमुळे बाहेर पडू शकत नाही. ओल विटेत साठते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. काही वर्षांनी भिंतीवर विलक्षण दृश्य दिसते : विटा आत गेलेल्या आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या बाहेर उभ्या राहिलेल्या. मूळ रचनेत जो सांधा झिजायचा तो शाबूत आणि जी वीट टिकायची ती गेलेली. दुरुस्तीने क्रम उलटा केला.

तड्यांच्या बाबतीतही हेच घडले. कोरड्या उन्हाळ्यात माती आकसते, पायाचा एक कोपरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग उघडते. घरमालक घाबरून त्याच वेळी ती भरून घेतो. पुढे पावसाने माती पुन्हा फुगते आणि भिंत मूळ जागी येऊ पाहते. पण भेगेत आता कठीण सिमेंटची पाचर बसलेली असते. भेग मिटू शकत नाही म्हणून शेजारच्या विटा सरकतात. पुढच्या उन्हाळ्यात नवी भेग, पुन्हा नवी पाचर. मधल्या हिवाळ्यात उघड्या राहिलेल्या बारीक फटींत पाणी गोठून कडा फोडते ते वेगळेच.

ज्ञान आणि व्यवहार

हे सर्व त्या काळी अज्ञात होते असे म्हणता येत नाही. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ‘बिल्डिंग रिसर्च स्टेशन’ या शासकीय संस्थेने १९४७ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर चिकणमातीवरील घरांचा अभ्यास केला. डब्ल्यू. एच. वॉर्ड यांनी वेगाने वाढणारी झाडे आणि उथळ पाये यांचा संबंध त्याच सुमारास दाखवून दिला. १९५४ मध्ये स्केम्प्टन यांनी पॉप्लर वृक्षांनी माती शोषल्यामुळे खचलेल्या इमारतीचे विवेचन प्रसिद्ध केले. मसाला विटेपेक्षा बळकट असू नये, सिमेंटमध्ये चुना मिसळावा, ही शिफारसही शतकाच्या मध्यापासून अधिकृत मार्गदर्शनात आढळते. पण हे ज्ञान नव्या बांधकामाच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचले. उपनगरात शिडी घेऊन येणाऱ्या कारागिरापर्यंत आणि त्याला बोलावणाऱ्या गृहस्थापर्यंत ते पोहोचण्याचा मार्गच नव्हता.

व्यवहार बदलला तो विज्ञानाने नव्हे, विम्याने. १९७१ पासून ब्रिटिश विमा कंपन्यांनी घराच्या विम्यात जमीन खचण्याच्या धोक्याचा समावेश केला. त्यामागे गृहकर्ज देणाऱ्या संस्थांचा आग्रह होता. पाचच वर्षांनी १९७५-७६ चा ऐतिहासिक दुष्काळ पडला आणि दाव्यांचा पूर आला. पूर्वी ज्या भेगेला घरमालक कागद चिकटवून गप्प बसत असे, ती आता भरपाईयोग्य हानी ठरली. भरपाई द्यायची तर ती कायमच्या इलाजासाठी, या न्यायाने अंडरपिनिंगचा, म्हणजे जुन्या पायाखाली टप्प्याटप्प्याने खोदून काँक्रीटचा नवा पाया घालण्याचा सपाटा सुरू झाला. १९९० आणि १९९१ या वर्षांत तर दाव्यांची वार्षिक रक्कम ५० कोटी पौंडांच्या घरात गेली.

माझ्या मते, अंडरपिनिंग म्हणजे कडक पॉइंटिंगचीच मोठी आवृत्ती होती. दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे की, हलणारी वस्तू घट्ट धरली की प्रश्न सुटला. जोडघराचा वा चाळवजा ओळीतील घराचा एक भाग खोल पायावर स्थिर केला, तर उरलेला भाग पूर्वीप्रमाणेच ऋतूंबरोबर वर-खाली होत राहतो आणि नवा तडा नेमका दोहोंच्या सीमेवर, म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीत, जातो. झाड तोडावे तर अनेक वर्षे शोषलेली माती पुन्हा पाणी घेऊन फुगू लागते. ही क्रिया दहा-दहा वर्षे चालू शकते आणि घर खचण्याऐवजी उचलले जाते.

या खर्चाचे प्रमाण ब्रिटिश न्यायव्यवस्थेसमोर आलेल्या एका खटल्यात स्पष्ट दिसते. लंडनच्या मेडा व्हेल भागातील डेलावेअर मॅन्शन्स या इमारतीला रस्त्यावरील प्लेन वृक्षाच्या मुळांमुळे तडे गेले. झाड काढले असते तर दुरुस्ती सुमारे १४ हजार पौंडांत झाली असती. झाड राहिल्यामुळे अंडरपिनिंगवर सुमारे ५ लाख ७० हजार पौंड खर्च झाले. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ही रक्कम वेस्टमिन्स्टर नगर परिषदेने द्यावी असा निर्णय दिला. तो देताना, झाडाच्या मालकाला आधी सूचना आणि उपाय करण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्वही सांगितले.

तडा मोजणे

दिशा बदलण्याची सुरुवात एका साध्या कोष्टकाने झाली. १९८१ मध्ये बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने (पूर्वीच्या स्टेशनचेच हे नवे नाव) प्रसिद्ध केलेल्या २५१ क्रमांकाच्या डायजेस्टमध्ये घराच्या हानीची ० ते ५ अशी श्रेणी ठरविली गेली. ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक भेग शून्य श्रेणीत, ५ मिलिमीटरपर्यंतची दुसऱ्या श्रेणीत, २५ मिलिमीटरहून रुंद पाचव्या श्रेणीत. या वर्गीकरणाचे वैशिष्ट्य इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे आहे. त्याचा मुख्य आधार भेगेची रुंदी नसून दृश्य हानी दुरुस्त करण्याची सुलभता हा आहे. रुंदी ही केवळ एक खूण आहे. पहिल्या तीन श्रेणींतील हानी मुख्यतः दिसण्यापुरती मानली गेली. हजारो घरमालकांना ज्या भेगेने झोप लागत नव्हती, तिला अधिकृतपणे ‘किरकोळ’ म्हणणारी ही पहिलीच व्यापक भाषा होती.

१९८९ च्या ३४३ व ३४४ क्रमांकांच्या डायजेस्टांनी तड्याची हालचाल मोजण्याच्या साध्या पद्धती सांगितल्या. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती फुटते का ते पाहत. त्यातून हालचाल झाली एवढेच कळे, किती आणि कोणत्या दिशेने हे कळत नसे. आता भेगेभोवती बसविलेल्या स्क्रूंमधील अंतर कॅलिपरने वर्षभर ठरावीक काळाने मोजले जाऊ लागले. वर्षभराच्या आकड्यांवरून भेग ऋतूंबरोबर उघडते-मिटते की एकाच दिशेने वाढते हे स्पष्ट होते, आणि इलाज त्यावर ठरतो. १९९४ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या अहवालानेही संयमाची हीच भूमिका घेतली.

चुना परत आला तो मात्र वेगळ्या वाटेने. १९७० च्या दशकापासून वेल्स कॅथीड्रलवर रॉबर्ट आणि ईव्ह बेकर यांनी केलेल्या कामामुळे चुन्याच्या कारागिरीला पुन्हा मान मिळाला. १९९२ मध्ये बिल्डिंग लाइम्स फोरमची स्थापना झाली. म्हणजे जे ज्ञान एकेकाळी सामान्य गवंड्याचे होते ते स्मारकांच्या जतनाचे विशेष ज्ञान बनून, महाग होऊन परतले. उपनगरातील घरापर्यंत ते उशिरा आणि अपुरेच पोहोचले आहे.

१९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये तापमान प्रथमच ४० अंशांच्या पलीकडे, ४०.३ अंशांपर्यंत गेले, आणि कोरड्या पडलेल्या चिकणमातीवरील घरांत पुन्हा भेगा उघडल्या. या वेळी अनेक घरांत आधी मोजणी आणि झाडाची छाटणी हा क्रम पाळला गेला. भिंतीवरील जुन्या सिमेंटचे काय करावे हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. ते सैल असेल तर हाताने सहज निघते आणि तेथे चुना भरता येतो. घट्ट बसलेले असेल तर काढताना विटेची कड सोबत तुटते. म्हणून अशा जागी ते तसेच राहू द्यावे आणि ते आपोआप सुटण्याची वाट पाहावी, असा सल्ला जाणकार देतात.