कॉफीआधी बर्फ

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पिंगळीचं स्टेशन लागतं. काळ्या मातीचा, कापूस-तूर-सोयाबीनचा हा मुलूख. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला की दुपारी गाव दारं लोटून घेतं. उन्हाळ्याचं पेय म्हणजे ताक, लिंबाचं सरबत किंवा कैरीचं पन्हं. एस्प्रेसो बर्फावर ओतून केलेली बिनदुधाची काळी कॉफी या पंक्तीत अजून नवखी आहे. खरं तर असल्या कोरड्या उन्हाला ती फार शोभते. मग ती या भागात पोचायला इतका उशीर का झाला? याचं उत्तर कॉफीत कमी आणि बर्फात जास्त सापडतं.

बर्फ येण्याआधी गारवा मिळायचा तो पाणी आणि माती यांतून. परभणी जिल्ह्यात जुन्या बारवा अनेक गावांत आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव तर पाहत राहावी अशी. घरात माठ नाहीतर रांजण आणि प्रवासाला सुरई असे. माठातून पाझरलेलं पाणी बाहेर वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं हे काम जोरात चालतं, म्हणून मुंबईच्या दमट हवेपेक्षा मराठवाड्यात माठ जास्त पाणी निववतो. पण माठाची मजल पिण्याच्या पाण्यापुरतीच. कडक काळी कॉफी त्या पाण्यात ओतली तर हाती येतं ते कोमट, पातळ काहीतरी.

हिंदुस्थानात समुद्रमार्गे बर्फ आला तो १८३३ साली. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने ‘टस्कनी’ जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला धाडला. अमेरिकेतल्या तळ्यांवर हिवाळ्यात कापलेल्या त्या लाद्या चार महिने समुद्रावर होत्या, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावं लागलं, तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. त्याला वाचवलं ते कातडी कमावून उरलेल्या झाडाच्या सालीच्या सुक्या चुऱ्याने आणि वाळल्या गवताने. लवकरच मुंबईलाही हा बर्फ मिळू लागला. १८३४ मध्ये पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं. नंतर यजमानाला आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि एका गुजराती वृत्तपत्राने त्यावरून त्यांना चांगलंच सुनावलं. थंड पदार्थाविषयीचा तो धाक पुढेही बरीच वर्षं टिकला. बर्फ खाल्ला की घसा धरतो, हे आजही घरोघर ऐकायला मिळतं.

मुंबईत गोदीजवळ बर्फघर उभं राहिलं, पण तो बर्फ साहेब, शेठ आणि इस्पितळं यांच्यासाठी होता. देशावर तो पोचणं शक्यच नव्हतं. चित्र बदललं ते यंत्राने. १८७०च्या दशकापासून अमोनियावर चालणारी बर्फयंत्रं आली आणि काही वर्षांत अमेरिकेच्या बर्फाचा व्यापार बसला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही मीटर गेजची गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावं तिच्यावरच जोडली गेली. बर्फाचे कारखाने जिल्ह्याच्या गावांत यायला आणखी काळ जावा लागला. तिथून खेड्यात लादी जायची ती गोणपाटात आणि भुशात गुंडाळून. म्हणजे युक्ती ट्यूडरसारखीच. ती गोळेवाल्याच्या गाडीवर, रसवंतीवर आणि लग्नघरी संपायची. त्या काळी खेड्यातल्या कुणी रोजच्या कपात बर्फ घालणं ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

कॉफीची वाट वेगळी. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. मराठी घरात कॉफी आली ती दूध-साखरेत उकळून, वर जायफळ किसून. चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची, अशी विभागणी पुष्कळ घरांत होती. १९३०च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा देशातच गिऱ्हाईक तयार करण्यासाठी १९३५च्या कायद्याने कॉफी सेस कमिटी नेमली गेली आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला तिचं पहिलं कॉफी हाऊस उघडलं. पुढे या कमिटीच्या जागी आलेल्या कॉफी बोर्डाने ही हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवली. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या कॉफी हाऊसांनी मराठी लेखक, विद्यार्थी, पुढारी यांना बसायला जागा दिली. मराठवाड्यातल्या लहान गावांत मात्र बसायची जागा म्हणजे चहाची टपरीच राहिली.

महाराष्ट्राची स्वतःची कॉफी पिकते चिखलदऱ्याला. अमरावती जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे ११०० मीटर उंचीवरचं हे ठिकाण. निजामाच्या हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये इथं पोचला आणि इंग्रजी नोंदींत चिखलदरा ‘सापडला’. गाविलगडचा किल्ला आणि कोरकूंच्या वस्त्या त्याच्या कितीतरी आधीच्या. इंग्रज अमदानीत इथं कॉफी लावली गेली, ती झाडं सावलीत तगून राहिली. मराठवाडा आणि चिखलदरा ज्यात येतं ते वऱ्हाड, दोन्ही एकाच निजामाचे मुलूख. वऱ्हाड १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. पण चिखलदऱ्याच्या कॉफीचं पीक फार थोडं, आणि ते शेजारच्या जिल्ह्यांत बाजारपेठ मिळवेल एवढं कधी वाढलं नाही. राज्यातल्या कॉफीप्रेमींनी आणि कृषी खात्याने या मळ्यांकडे आजवर जेवढं लक्ष दिलं, त्याहून त्यांची योग्यता नक्कीच मोठी आहे.

राहिलं यंत्र. वाफेच्या दाबाने कॉफी काढण्याचं पेटंट तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये एकेक कप काढणारं यंत्र आणलं. या जुन्या यंत्रांत दाब जेमतेम दीड-दोन बार असे आणि वाफेमुळे कॉफी करपट लागे. आकिले गाज्जियाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याचं यंत्र बाजारात आणलं. त्यात दट्ट्याने आठ-नऊ बार दाब मिळू लागला आणि कपावर सोनेरी साय धरू लागली. आज जिला एस्प्रेसो म्हणतात ती इथून पुढची.

मराठवाड्यात यंत्र दिसलं ते लग्नाच्या मांडवात, १९८०-९०च्या दशकांत. जेवणाच्या पंगतींपलीकडे टेबलावर पितळेचं किंवा स्टीलचं चकचकीत यंत्र, वरती ‘एक्स्प्रेसो कॉफी’ असा बोर्ड. माणूस कपात झटपट कॉफीची पूड आणि साखर थेंबभर पाण्यात पांढुरकी होईपर्यंत घोटतो, दुधात वाफेची नळी बुडवतो, मोठा फुसफुसाट होतो, कप फेसाने काठोकाठ भरतो आणि शेवटी वर चॉकलेटच्या पुडीची चिमूट पडते. पोरं त्या आवाजासाठीच रांगेत उभी राहायची. शहरी जाणकार या कॉफीला हसतात, ते अन्यायाचं आहे. बॉयलर आणि वाफ हेच तर बेझेराच्या यंत्राचंही अंग होतं. मांडवातल्या कारागिराने त्यातली वाफ घेतली आणि ती दुधाला लावली, कारण समोरच्या माणसांना दूधच हवं होतं. दाबाने कॉफीचा अर्क काढणारी यंत्रं शहरांत सर्रास झाली ती कॅफे कॉफी डेने १९९६ मध्ये बंगळूरात पहिलं दुकान काढल्यानंतर.

काळी थंड कॉफी जगात जुनी आहे. १८४०च्या सुमारास अल्जीरियात फ्रेंच सैनिक गार पाण्यात कॉफी घालून पीत. तिथल्या माझाग्रान गावाचं नाव तिला मिळालं. बर्फावरच्या एस्प्रेसोचं गणित मात्र वेगळं आहे. १८ ग्रॅम दळलेल्या कॉफीतून पंचवीस-तीस सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम अर्क उतरतो, कपात तो सत्तर अंशांच्या आसपास असतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. हिशोब मांडला तर तो अर्क पाच अंशांवर आणताना २८ ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. म्हणजे पेल्यातलं बरंचसं पाणी बर्फाचंच असतं, आणि बर्फ वाईट असेल तर उत्तम कॉफीही वाया जाते.

कारखान्याची लादी उन्हात धरून पाहिली तर हे कळतं. मिठाच्या थंडगार पाण्यात बुडवलेल्या डब्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं. विरघळलेली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात. म्हणून लादीच्या कडा काचेसारख्या आणि गाभा दुधाळ. बोअरच्या जड पाण्याच्या भागात हा गाभा जास्तच पांढरा आणि चवीला मचूळ. शिवाय साठवणीचा बर्फ खाण्याच्या बर्फात मिसळू नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळा करण्याची सक्ती आहे. कॉफीसाठी गाळलेलं, उकळून निवलेलं पाणी घरच्या फ्रीजमध्ये मोठ्या तुकड्यांत लावलेलं बरं. मोठा तुकडा सावकाश वितळतो आणि कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पातळ होत नाही.

पिंगळीसारख्या गावात लाखभराचं यंत्र घ्यायची गरज नाही. इटलीत १९३३ मध्ये निघालेला मोका पॉट गॅसच्या शेगडीवर चालतो. त्याचा दाब दोन बारच्या आतच, त्यामुळे साय धरत नाही, पण बर्फाला पुरून उरेल एवढा दाट अर्क मिळतो. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी, चाळणीत मध्यम भाजलेली, बिनचिकोरीची कॉफी न दाबता भरलेली, आच मंद. वरच्या भांड्यात अर्क गुरगुरायला लागण्याआधीच शेगडी बंद करायची, नाहीतर कडूपणा उतरतो. पेल्यात बर्फ आणि अर्धी वाटी गार पाणी आधीच घालून ठेवायचं आणि अर्क वरून धारेने सोडायचा. चिखलदऱ्याची कॉफी मिळाली तर तीच घ्यावी.