वेबविद्येचीं पुस्तकें आणि त्यांचें आयुष्य

"वेबसाइट तयार करण्याची विद्या शिकावयाची आहे, तर कोणतें पुस्तक घ्यावें?" हा प्रश्न अलीकडे आमच्याकडे वारंवार येतो. विचारणारा कधीं विद्यार्थी असतो, कधीं त्याचे वडील असतात, पुष्कळदां आईहि असते. आमचा विषय इतिहास. संगणकाशीं आमचा संबंध हौसेपुरताच. परंतु ज्याला ग्रंथसंग्रहाचें वेड, त्याला सर्व शास्त्रांतील पुस्तकें ठाऊक असावयाचींच, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिचा मान राखण्यासाठीं आम्हीं या प्रश्नास अनेक वर्षें उत्तरें दिलीं. त्यांतील एक उत्तर फार चुकलें. कसें चुकलें तें पुढें सांगूंच. पण त्या चुकीनंतर आम्ही या पुस्तकांचा इतिहास पाहूं लागलों, आणि ध्यानांत आलें कीं, कोणतें पुस्तक घ्यावें हें ठरविण्यापूर्वीं त्यांतला कोणता भाग किती दिवस जगेल हें विचारावयास हवें.

या घराण्याचा मूळपुरुष शोधावयाचा तर १९७८ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या सालीं ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांचें 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हें पुस्तक निघालें. पृष्ठें अवघीं २२८. रिची हे तर त्या भाषेचे जनकच. त्यामुळें भाषा आणि पुस्तक हीं एकाच मुशींतून निघाल्यासारखीं वाटतात. पहिल्या पाठांत 'हॅलो, वर्ल्ड' हे दोन शब्द उमटविण्याची आज्ञावली आहे, आणि तेव्हांपासून असंख्य पुस्तकांचा श्रीगणेशा त्याच दोन शब्दांनीं होत आला आहे. १९८८ सालीं दुसरी आवृत्ति आली. तिसरी निघालीच नाहीं. आपल्याकडे नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकानें तीच भाषा सोप्या वळणानें हजारों विद्यार्थ्यांच्या घरांत नेली. एक भाषा, एक पुस्तक. विकत घ्यावें, झिजवावें, आणि धाकट्या भावाच्या हातीं द्यावें, ही संवय आमच्या पिढीला अशा पुस्तकांनीं लावली.

वेबनें ही संवय मोडली. मार्च १९८९ मध्यें टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत आपली योजना मांडली. १९९१ च्या ऑगस्टांत ती जगापुढें आली. आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती सर्वांस विनामूल्य खुली केली. आरंभींचीं दोनतीन वर्षें या विद्येला पुस्तक नव्हतें, आणि त्याची वाणहि फारशी भासली नसावी. कारण ब्राउझरमध्यें दिसणाऱ्या पानाची मूळ संहिता कोणासहि उघडून पाहतां येत असे, आजहि येते. दुसऱ्याचें पान उघडावें, आंतल्या खुणा पाहाव्या, त्या आपल्या पानांत घालून काय होतें तें बघावें, असें हें शिक्षण होतें. कारागिराच्या दुकानांत बसून मुलगा कसब उचलतो, त्यांतलाच हा प्रकार. १९९२ सालीं एड क्रोल यांनीं इंटरनेटची समग्र ओळख करून देणारें जें गाजलेलें पुस्तक लिहिलें, त्यांत वेबच्या वाट्यास थोडींच पानें आलीं होतीं!

तीन वर्षांत पारडें फिरलें. १९९५ सालीं लॉरा लेमे यांचें एका आठवड्यांत वेबप्रकाशन शिकविणारें पुस्तक बाजारांत आलें. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सामान्य ग्राहकांस इंटरनेटची जोडणी देण्यास आरंभ केला. लेमे बाईंचें पुस्तक आपल्या जागीं चांगलें होतें, कारण त्या वेळची एचटीएमएल खरोखरच आठवड्याभरांत येण्याजोगी होती. परंतु त्या शीर्षकाची सांथ पसरली. चोवीस तासांत अमुक, एकवीस दिवसांत तमुक, अशा पुस्तकांनीं दुकानांचीं फळ्याफडताळें भरलीं. पुढें पीटर नॉर्व्हिग या संगणकशास्त्रज्ञानें या घाईवर एक निबंध लिहिला व त्यास 'दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका' अशा अर्थाचें नांव दिलें. त्या निबंधाची आठवण आम्ही पालकांस मुद्दाम देतों. ऐकून त्यांचे चेहरे उतरतात हें खरें.

१९९५ च्या मे महिन्यांत नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत ब्राउझरसाठीं एक छोटी भाषा रचली. तिचें पाळण्यांतलें नांव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरांत जावास्क्रिप्ट असें बारसें झालें. सन कंपनीच्या जावा भाषेचा तेव्हां मोठा बोलबाला होता. थोरल्या घराण्याचें आडनांव लावलें म्हणजे धाकट्याचें लग्न लौकर जमतें, हा हिशेब अमेरिकेंतहि चालतो असें दिसतें. वास्तविक या दोन भाषांचें नातें नांवापुरतें. पण त्या नांवापायीं जावाचें जाडजूड पुस्तक घेऊन घरीं जाणारे व आठवड्यानें तें बदलून मागणारे गिऱ्हाईक आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

पुढचीं चारपांच वर्षें नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांमध्यें युद्ध चाललें. १९९७ सालीं दोघांनींहि आपापली चौथी आवृत्ति काढली. पानावरचा एकादा मजकूर हलवावयाचा, तर एकीकडे एक रीति आणि दुसरीकडे निराळीच. पुस्तकांस दोन्ही शिकवाव्या लागत. डॅनी गुडमन यांचा १९९८ चा डायनॅमिक एचटीएमएलवरील संदर्भग्रंथ हजारांहून अधिक पृष्ठांचा आहे, आणि तो विपुल कष्टानें व प्रामाणिकपणें लिहिलेला आहे. परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत वेबच्या मानकसंस्थेनें या बाबतींतलें पहिलें सामाईक मानक प्रसिद्ध केलें, आणि २००० सालीं नेटस्केपनें स्वतःचीच जुनी रीति टाकून दिली. ज्यांनीं ती कष्टानें मुखोद्गत केली होती त्यांचे कष्ट वायां गेले. या काळचे असे ग्रंथ पुढें कित्येक वर्षें अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगांत पडलेले आम्हीं पाहिले आहेत. जाडी पाहून तेच उचलणारा बापहि पाहिला आहे. त्याला अडविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

मग या विद्येंत टिकतें तें काय? जगांतील पहिलें वेबपान सर्ननें २०१३ सालीं पुन्हा मूळ पत्त्यावर मांडलें आहे. तें आजच्या कोणत्याहि ब्राउझरांत नीट उघडतें. शीर्षक, परिच्छेद व दुवा यांच्या ज्या खुणा त्यांत आहेत, त्याच आजहि शिकाव्या लागतात. तीस वर्षांपूर्वींचें अक्षर जसेंच्या तसें वाचतां येतें, ही संगणकाच्या जगांत लहानसहान गोष्ट नव्हे. उलट अँग्युलर जेएस ही चौकट २०१० सालीं आली, २०१६ सालीं तिच्या पुढच्या अवतारानें जुन्याशीं फारकत घेतली, आणि जानेवारी २०२२ पासून मूळ चौकटीचा सांभाळहि थांबला. फ्लॅशचें तर ३१ डिसेंबर २०२० रोजीं विसर्जन झालें. त्याच्या पुस्तकांनीं एके काळीं अख्खें कपाट व्यापलें होतें. एकाच पुस्तकांत शंभर वर्षांचें सागवान आणि एका पावसाळ्याचें गवत शेजारीं शेजारीं असतें. नवशिक्याला त्यांतला भेद कळत नाहीं, आणि लेखकहि बहुधा सांगत नाहीं.

आतां आमच्या चुकीकडे येऊं. २०१६ च्या पावसाळ्यांत वाणिज्यशाखेची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. मुलगी तालुक्याच्या गांवची, मराठी शाळेंत शिकलेली, हिशेबांत पक्की. वडिलांचें दुकान बसत चाललें होतें, आणि पदवी हातीं येईपर्यंत कांहीं कमाईची विद्या तिला हवी होती. आम्हीं मोठ्या डौलानें आमच्या कपाटांतून डग्लस क्रॉकफर्ड यांचें 'जावास्क्रिप्ट: द गुड पार्ट्स' काढून दिलें. २००८ सालचें हें पुस्तक जाणत्या मंडळींत फार नांवाजलेलें. दहा दिवसांत घडलेल्या भाषेंतलें सकस कोणतें व टाकाऊ कोणतें याची कठोर निवड त्यांत आहे. आणि तें बारीक आहे! दोनशे पानांच्या आंतलें पुस्तक सोपें असणार, असा तर्क आम्हीं केला. चार महिन्यांनीं ती भेटली तेव्हां म्हणाली, "सर, माझ्या डोक्यांत हें शिरत नाहीं. माझी बुद्धिच तेवढी नाहीं." तिनें नाद सोडला होता. त्या रात्रीं आम्हीं पुस्तक उघडून पाहिलें. प्रस्तावनेंतच लेखकानें स्वच्छ बजावलें आहे कीं, हें पुस्तक नवशिक्यांसाठीं नाहीं. तीस वर्षें आम्ही वर्गांत सांगत आलों कीं, प्रस्तावना वाचल्याविना ग्रंथाला हात लावूं नये.

पुस्तक चुकलें तर पैसे जातात, एवढाच हिशेब पालक करतात. पैसे जातात ते थोडे. मुलगा स्वतःला मंद समजूं लागतो तें नुकसान फार मोठें, आणि इंग्रजीशीं आधींच झगडणाऱ्या मुलाच्या बाबतींत तें दुप्पट. भाषा कळली नाहीं कीं विषय कळला नाहीं, हेंच त्याला उमगत नाहीं.

त्या मुलीला मग जॉन डकेट यांचें एचटीएमएल व सीएसएसवरचें २०११ चें पुस्तक मिळालें. तेंहि आमच्याकडून नव्हे, मैत्रिणीकडून. पानोपानीं रंगीत आकृति, थोडके शब्द, आणि प्रत्येक खुणेचा परिणाम समोर. पंडित मंडळी या पुस्तकाला चित्रांचें म्हणून हिणवतात, पण ज्याची इंग्रजी कच्ची त्याला तींच चित्रें हात देतात. त्यांतील पानाची मांडणी करण्याच्या रीति आतां जुन्या झाल्या आहेत. ग्रिड ही नवी रीति २०१७ सालीं ब्राउझरांत आली. तेवढा भाग दुसरीकडून शिकावा. बाकीचा टिकाऊ आहे. त्यानंतर तिनें मारेन हावरबेके यांचें 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' घेतलें. तें २००७ सालीं आधीं वेबवरच आलें, २०११ मध्यें छापलें गेलें, आणि भाषा बदलली तशा २०१४, २०१८ व २०२४ सालीं त्याच्या नव्या आवृत्ति निघाल्या. वेबवर तें आजहि फुकट वाचतां येतें. प्रकरणांच्या शेवटीं उदाहरणें आहेत, व तीं न सोडवतां पुढें गेल्यास चौथ्यापांचव्या प्रकरणाशीं चढण छातीवर येते.

हल्लीं आम्ही विचारणाराला प्रथम पुस्तकाच्या आवृत्तीचें साल पाहावयास सांगतों. जावास्क्रिप्टच्या बाबतींत २०१५ ही सीमारेषा धरावी. त्या वर्षाच्या जूनमध्यें भाषेचें जें नवें मानक झालें, त्यानें लिहिण्याचें वळणच पालटलें. एचटीएमएलच्या मूळ खुणांना हा निर्बंध नाहीं. मग प्रस्तावना वाचावी. मग मधलें कोणतेंहि एक पान दुकानांत उभ्यानें वाचून पाहावें. तिसऱ्या वाक्याशीं अडखळल्यास तें पुस्तक, जगानें कितीहि वाखाणलेलें असो, आज आपलें नव्हे. एकाद्या चौकटीचें नांव शीर्षकांत असेल तर तें वर्षभरानंतर घ्यावें. गेंड्याचें चित्र असलेला डेव्हिड फ्लॅनगन यांचा जावास्क्रिप्टवरील ग्रंथ १९९६ पासून चालत आला आहे आणि २०२० सालीं त्याची सातवी आवृत्ति निघाली. तो घरांत असावा, पण कोशासारखा, पहिल्या पाठासाठीं नव्हे. यंत्रच आतां आज्ञावली लिहून देतें, मग पुस्तक कशाला, असेंहि कोणी विचारतात. यंत्रानें लिहिलेलें बरोबर कीं चूक हें ओळखावयास कोणी तरी जाणता लागतोच, आणि तो जाणता आपल्या घरचा असावा असें आम्हांस वाटतें.

क्रॉकफर्ड यांचें पुस्तक ती मुलगी २०१९ सालीं परत द्यावयास आली. तेव्हां ती एका लहान कंपनींत नोकरीस होती. जातांना म्हणाली, आतां तें चार संध्याकाळींत वाचून झालें. ती गेल्यावर आम्हीं पानें चाळलीं. प्रस्तावनेंतील त्या वाक्याखालीं पेन्सिलीची एक बारीक रेघ होती, आणि समासांत तारीख: आमच्याकडून पुस्तक नेल्याच्या दुसऱ्या दिवसाची.