महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांचे आकारमान : कार्यक्षेत्र-विभाजनाचा इतिहास

महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांची तुलना करताना विद्यार्थीसंख्येचे आकडे प्रथम मांडण्याची प्रथा रूढ आहे. मुंबई व पुणे ही ‘मोठी’, तर सोलापूर व गोंडवाना ही ‘लहान’ विद्यापीठे, असे त्यावरून ठरविले जाते. तथापि हे आकारमान विद्यापीठांनी स्वतः कमावलेले नसून बहुतांशी कायद्याने आखून दिलेले आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते. अध्यापन महाविद्यालयांत होत असे. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत अवघे चौघे होते. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. कार्यक्षेत्र मात्र सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेले! पुढे विद्यार्थी वाढत गेले आणि कार्यक्षेत्र आकसत गेले. १९४७ ते १९४९ या काळात सिंध, पुणे, गुजरात व कर्नाटक ही विद्यापीठे अस्तित्वात आली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होऊन तेथील महाविद्यालयेही मुंबईपासून विलग झाली.

पुणे विद्यापीठाचे उदाहरण अधिक बोलके आहे. आरंभी त्याच्याकडे बारा जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यानंतर पाच उरले. १९९० मध्ये जळगाव व धुळे हे जिल्हे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेले आणि पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व नाशिक एवढेच राहिले. एवढी काटछाट होऊनही हे विद्यापीठ मोठेच राहिले, कारण उरलेल्या जिल्ह्यांतच महाविद्यालयांची दाटी झाली. याउलट मराठवाड्यातील महाविद्यालये १९५८ पर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. तेथील विद्यापीठाचा आरंभच उशिरा झाला आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ होऊन त्याचे क्षेत्र पुन्हा विभागले गेले. २००४ मध्ये सोलापूर हे एकाच जिल्ह्याचे विद्यापीठ झाले, तर २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ निर्माण करण्यात आले.

जिल्हानिहाय विभाजनाइतकेच विद्याशाखानिहाय विभाजनही महत्त्वाचे आहे. त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. १९९८ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर वैद्यकीय महाविद्यालये सर्वच पारंपरिक विद्यापीठांतून बाहेर पडली. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर संपूर्ण राज्यभर विद्यार्थी नोंदविते. त्याची पटसंख्या निवासी वा संलग्न विद्यापीठाशेजारी ठेवून पाहणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरते. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी स्थापिलेले महिला विद्यापीठही जिल्ह्यांच्या चौकटीत बसत नाही.

हा प्रश्न केवळ सांख्यिकीचा नाही. परीक्षाशुल्क व संलग्नीकरणशुल्क हा संलग्न विद्यापीठांच्या स्वनिधीचा प्रमुख आधार आहे. जिल्हा गेला की शुल्कही जाते. जुन्या विद्यापीठाकडे तरी इमारती, ग्रंथालय व अध्यापनविभाग शिल्लक राहतात. नव्या विद्यापीठाला मात्र मोजक्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर ते सारे उभारावयाचे असते. गोंडवानाच्या पटसंख्येकडे पाहून त्याची ‘कामगिरी’ ठरविणारे ही बाब सोयीस्करपणे विसरतात, असे खेदाने नमूद करावे लागते.

२०१९ मध्ये मुंबईतील एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था व माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय यांचे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. भविष्यात कोणी मुंबई विद्यापीठाच्या पटसंख्येचा आलेख काढील, तेव्हा या महाविद्यालयांचे विद्यार्थी त्यातून वगळले गेलेले असतील. ती घट विद्यार्थ्यांनी पाठ फिरविल्याची नसेल. तीही कायद्याने घडविलेली असेल.